रक्त मोजून झालं असेल तर गोळी काढा

२०४७ साली या देशात सिकलसेल उरणार नाही, असं सरकारनं ठरवलंय. स्वातंत्र्याला शंभर वर्षं होतील, त्या साली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला पंतप्रधानांनी मोहीम सुरू केली. त्याआधी फेब्रुवारीच्या बजेटात आकडा येऊन गेला होता : आदिवासी भागातली ० ते ४० वयाची ७ कोटी माणसं तपासायची. १७ राज्यं, २७८ जिल्हे, तीन वर्षं. जुलै २०२५ पर्यंत ६ कोटींवर माणसांचं रक्त तपासून झालं, २ लाखांवर रुग्ण निघाले, १६ लाखांवर वाहक निघाले, असं सरकारच सांगतंय. निघाले. बरं. मग?

मग कार्ड.

दोस्तहो, सरकारी शब्द नीट वाचायला शिका. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं. देवीच्या रोगाचं निर्मूलन झालं तेव्हा एक जंतू उपटला गेला. सिकलसेलला जंतू नाही. तो चावत नाही, उडत नाही, खोकल्यातून येत नाही. आई आणि बाप दोघांकडून रक्तातून येतो आणि जन्मलेल्या माणसाच्या अंगात मरेपर्यंत राहतो. मग मुळासकट उपटायचं ते काय? आजार असलेलं माणूस जिवंत आहे, शाळेत जातंय, कापूस वेचतंय, पुण्यात कुणाच्या दारात जेवणाचा डबा पोचवतंय. त्याला धडपणे जगवायचं म्हणजे निर्मूलन, की त्याच्यासारखं पुन्हा जन्मू नये म्हणजे निर्मूलन? पहिलं असेल तर गोळी लागते, रक्त लागतं, डॉक्टर लागतो. दुसरं असेल तर कार्ड पुरतं.

आम्ही तपासणीच्या विरोधात नाही. तपासणी पाहिजेच, आणि ती फुकट पाहिजे, दारात पाहिजे. पण तपासणी ही दवाखान्याची पायरी आहे. यांनी पायरी बांधली, फीत कापली, फोटो काढला. वर चढून बघावं तर घरच नाही.

आजार काय आहे ते आधी सांगतो, कारण मुंबई-पुण्यात वाढलेल्या आपल्यातल्या कित्येकांना तो घरात असूनही ठाऊक नसतो. रक्तातली तांबडी पेशी गोल, मऊ असते. बारीकशा नळीतूनही वाकून निघून जाते. ती साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलवाल्याची पेशी प्राणवायू कमी पडला, पाणी कमी पडलं, थंडी वाजली, अंग शिणलं की विळ्यासारखी वाकडी होते, ताठ होते आणि नळीत अडकते. दहा-वीस दिवसांत फुटून मरते. अडकली की पुढच्या मांसाला, हाडाला रक्त नाही. मग जी कळ उठते तिला आमच्या यवतमाळकडं 'हाडं फुटून राह्यले' म्हणतात. डोळे पिवळे होतात, मग कावीळ म्हणून कुणी झाडपाला पाजतो. पोराच्या हातापायाची बोटं सुजतात. तरुणपणीच खुब्याचं हाड कुजतं. कुणाला अर्धांगवायू होतो, तोही शाळेच्या वयात. हे सगळं एका ठिकाणच्या एका चुकीमुळं : रक्तातल्या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी एक कण बदललेला. इंग्रामनं १९५६ साली ते दाखवून दिलं.

ही चूक एकाच बाजूनं आली तर माणूस वाहक. त्याला आजार नसतो, तो नांगर धरतो, कुस्ती खेळतो. दोन्ही बाजूंनी आली तर आजार. आईबाप दोघं वाहक असले तर दर बाळंतपणाला चारात एक ही शक्यता. पहिलं पोर आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही. दर वेळी नव्यानं चारात एक. शिबिरात हे एवढंसं वाक्य कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून माणसं एक पोर गमावून दुसऱ्याला निर्धास्त राहतात.

आता यवतमाळ. या जिल्ह्यात १६ तालुके. पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या पट्ट्यात गोंड, कोलाम, परधान. पुसद-उमरखेडकडं आंध. आणि गावोगावच्या टोकाला आपली वस्ती. आजाराचं नाव इथं 'सिकलिंग'. 'त्याले सिकलिंग आहे' असं म्हणतात, आणि आवाज खाली घेऊन म्हणतात. महाराष्ट्रातल्या काही आदिवासी जमातींत शंभरात २० ते ३५ माणसं वाहक असल्याचं पुण्याच्या डॉ. काटे यांच्या पाहण्यांत निघालं. भिल्ल, माडिया, पावरा, परधान, ओतकर ही त्यातली नावं. विदर्भातल्या बौद्ध समाजात शंभरात १५-२० अशी संख्या पाहण्यांत येते. कुणबी-तेल्यांतही आहे, कमी आहे. रक्ताला सातबारा नसतो.

या जिल्ह्यात उन्हाळा ४५ अंशाला टेकतो. रोजगार म्हणजे कापूस आणि सोयाबीन, वणीकडं कोळसा. बाई सकाळपासून उन्हात कापूस वेचते, पैसे किलोमागे. पाणी प्यायला बांधावर गेली तर तेवढे किलो कमी. बांधावर पाणी असेल तर. आणि या आजाराचं पहिलं औषध काय, तर पाणी! भरपूर पाणी प्या, उन्हात राबू नका, अंग शिणवू नका, असं डॉक्टर लिहून देतो. सल्ला बरोबर आहे, च्यायला, पण तो कुणाला देतोय ते बघा. २० मार्च १९२७ ला ज्यांना ओंजळभर पाण्यासाठी महाडच्या तळ्यावर जावं लागलं, त्यांच्या नातवा-पणतवांना शास्त्र सांगतंय : तुमच्या रक्ताला पाणी लागतं. याच जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करता करता वीसच्या वर माणसं विषबाधेनं मेली. शेतमजुराच्या अंगाचं इथं काय मोल आहे ते तेव्हाच समजलं होतं.

पोरगी कळवळली की मुकादम म्हणतो नाटक करते. शाळेत पोरगं आठवड्यात दोनदा गैरहजर राहिलं की मास्तर म्हणतो आळशी जात. हे शब्द कुठून येतात ते तुम्हाला सांगायला नको.

एक गैरसमज मात्र इथंच मोडतो, कारण तो आपल्याच घरात पोसला जातोय. 'आपलं रक्तच खराब' असं आपली म्हातारी माणसं म्हणतात. खोटं आहे. मलेरियाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांत ही खूण टिकली, कारण वाहकाला जीवघेणा मलेरिया कमी मारतो. १९५४ साली अ‍ॅलिसननं पूर्व आफ्रिकेत ते दाखवलं. हीच खूण सिसिलीत आहे, ग्रीसमध्ये आहे, सौदीच्या पूर्व भागात आहे. गावाबाहेर, रानाच्या कडेला, डासांच्या तोंडी ज्यांना ठेवलं, त्यांच्या रक्तानं जगायची वाट काढली. शुद्ध-अशुद्धाची भाषा बामणाच्या पोथीत ठेवा. रक्तपेढीत आणू नका.

आणि हे कुणाला माहीत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. निलगिरीच्या आदिवासींत हा आजार १९५२ साली सापडला. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. त्याच नागपुरातून १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लॅन्सेटमध्ये छापलं. लंडनच्या साप्ताहिकात! म्हणजे साहेबाला १९५८ पासून ठाऊक आहे. महाराष्ट्र सरकारचा सिकलसेलचा कार्यक्रम कधी सुरू झाला? २००८-०९ च्या सुमारास, तोही आधी काही जिल्ह्यांत. मधली पन्नास वर्षं आपली माणसं कशानं मेली? सर्टिफिकेटावर निमोनिया लिहिलं, कावीळ लिहिलं, रक्तक्षय लिहिलं. बहुतेकांना सर्टिफिकेटच नाही. वर डॉक्टरी पुस्तकं सांगत राहिली की हिंदुस्थानातला सिकलसेल सौम्य असतो. नागपुरातल्या वॉर्डांतली पोरं सौम्यपणे मरत होती वाटतं.

आता अमेरिकेकडं चला. लांब वाटेल, पण तिथला धडा आपल्याला लागू आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं. आपण त्यांचं नाव घेतलं, डरकाळी घेतली. त्यांची सुई घ्यायची राहून गेली. ब्लॅक पँथरनं १९७१ पासून वस्त्यावस्त्यांत फुकट दवाखाने चालवून सिकलसेलची तपासणी सुरू केली होती. मार्च १९७२ मध्ये ओकलंडच्या मेळाव्यात हजारोंचं रक्त तपासलं आणि सोबत किराण्याच्या पिशव्या वाटल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं : काळ्या माणसांचा आजार म्हणून गोऱ्या सरकारनं याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही, तर आम्ही बघतो. सरकारला लाज वाटली की भीती, कोण जाणे, पण १९७२ च्या मे महिन्यात निक्सनला सिकलसेलच्या कायद्यावर सही करावी लागली.

पुढं काय झालं तेही ऐका. सरकारच्या हातात तपासणी गेली आणि बऱ्याच राज्यांनी सक्तीचे कायदे केले. शाळेत नाव घालताना तपासणी, लग्नाच्या परवान्याला तपासणी. वाहक आणि रुग्ण यांतला फरक धड कुणाला सांगितला नाही. धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या, विमा नाकारला. हवाई दलाच्या अकादमीचं दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होतं. आणि लायनस पाउलिंग, नोबेल मिळालेला, १९४९ साली याच आजाराचं रेणूतलं मूळ दाखवणारा शहाणा माणूस, त्यानं १९६८ साली लिहिलं की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे त्यांना एकमेकांच्या प्रेमात पडायच्या आधी कळेल.

कपाळावर गोंदण! आमच्या गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू अजून आमच्या आठवणीत आहे. पाउलिंग काही पेशवा नव्हता, अणुबाँबच्या विरोधात तुरुंगाची पर्वा न करता बोलणारा माणूस होता. पण सेवा न देता नुसती खूण द्यायची ठरली की चांगला माणूससुद्धा तिथंच पोचतो. अमेरिकेनं निदान २००८ साली कायदा केला की जनुकाच्या तपासणीवरून नोकरीत आणि आरोग्यविम्यात भेदभाव करता येणार नाही. आपल्याकडं तसा कायदा नाही. कोट्यवधी कार्डं वाटून झाली, आणि ती बघून कुणाला नोकरीवरून काढलं तर दाद मागायला खास कायदा नाही.

इथं कार्डाचं काय होतं ते मी पाहिलंय. पोरीचं कार्ड मागतात, पोराचं लपवतात. सोयरीक मोडली की गावभर होतं, 'पोरीत सिकलिंग आहे.' पोरगी वाहक असते, ठणठणीत असते, पण तिच्या नावाला डाग. समुपदेशन म्हणून जे चालतं त्यात रांगेतल्या बाईला दोन मिनिटं मिळतात : कार्ड जुळवा, मगच लग्न करा. बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण पत्रिका जाळल्या. आता सरकार नवी पत्रिका देतंय आणि भटाच्या जागी आरोग्यसेवक बसवतंय. बिचारा आरोग्यसेवक कंत्राटावर आहे, त्याच्यावर राग नाही.

पण ह्या समुपदेशनात एक गोष्ट कुणी बोलत नाही. ती ऐकायची सोय नाही म्हणून बोलत नाही. एकाच जातीत, एकाच पोटजातीत, शे-दीडशे घरांत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं लावली की दोन वाहक समोरासमोर यायची शक्यता वाढते. हे साधं गणित आहे. जातीची बेडी म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, हे बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचून सांगितलं. १९३६ साली पुन्हा सांगितलं की जात मोडायची तर रोटीव्यवहारानं भागणार नाही, बेटीव्यवहार पाहिजे. सरकार म्हणतं जातीतच राहा, फक्त कार्ड बदलून बघा. बाप्पा, जातीला हात न लावता रक्ताचं गणित सोडवायला निघालेत! आंतरजातीय लग्नानं सगळं सुटतं, असं मी म्हणत नाही. सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक एकत्र आले तरी पोर आजारी निघू शकतं. तपासणी तिथंही पाहिजे. पण लग्न कुणी कुणाशी करावं यावर सरकारला बोलायचंच असेल तर पूर्ण बोला. अर्धं बोलून आमच्या पोरींच्या माथी मारू नका.

बरं, कार्ड जुळली नाहीत आणि पोरापोरीनं तरी लग्न केलं. करतात, आणि करावं. मग त्यांचा हक्क काय? गरोदरपणात दहा-बारा आठवड्यांत वारेचा बारीकसा तुकडा काढून बाळाची तपासणी करता येते. आजार निघाला तर ठेवायचं की नाही, ते त्या बाईनं ठरवायचं. सरकारनं नाही, सासूनं नाही. बाईनं. पण ही सोय कुठं आहे? मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तशास्त्राची संस्था आहे, तिचं केंद्र चंद्रपूरला आहे, बाकी मोठ्या शहरांत खाजगी लॅबा आहेत, त्यांचे दर विचारून परत यायचं. झरी जामणीतल्या कोलाम पोडावरच्या बाईची गरोदर म्हणून नोंद होईतो तिसरा महिना उलटलेला असतो. मुंबईच्या उच्चभ्रू बाईला जनुकतज्ज्ञ तासभर समोर बसवून पर्याय समजावतो. आमच्या बाईला पर्याय एकच : पोर झाल्यावर बघू.

आणि पोर झाल्यावर तरी बघतात का? १९८६ साली अमेरिकेत सिद्ध झालं की सिकलसेलच्या लहान पोराला रोज दोन वेळा पेनिसिलिन दिलं तर जीवघेणा जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो. पेनिसिलिन! चहाच्या किमतीचं औषध. पण ते सुरू करायला पोराचा आजार जन्मतःच कळला पाहिजे. शाळेतल्या शिबिरात दहाव्या वर्षी कळून काय उपयोग? जी जगली तीच शिबिराला येतात. हे होत नाही असंही नाही. नागपूरच्या मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन यांनी नवजात बाळं तपासली, कमी मात्रेचं हायड्रॉक्सीयुरिया देऊन पोरांच्या कळा आणि रक्त चढवायची वेळ दोन्ही कमी करून दाखवली, ते छापून आलंय. म्हणजे विदर्भातच, सरकारी वॉर्डातच होतं. मग यवतमाळच्या तालुक्याला का होत नाही, याचं उत्तर डॉक्टरी पुस्तकात नाही.

हायड्रॉक्सीयुरिया हे नाव पाठ करा. कॅन्सरचं जुनं औषध, १९९८ साली अमेरिकेत मोठ्या माणसांच्या सिकलसेलला मंजूर झालं. रोज घ्यायचं, आयुष्यभर. मधूनमधून रक्त तपासून मात्रा ठरवायची. आपल्याकडं ती बहुतेक ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये येते. आठ-दहा किलोच्या पोराला ती कशी द्यायची? आई कॅप्सूल फोडते, पाण्यात कालवते, अंदाजानं चमचा भरते. पोरांसाठी कमी मात्रेचं औषध बनवायला पुढं या, असं आयसीएमआरनं कंपन्यांना २०२४ साली बोलावलं. मोहीम २०२३ ला सुरू, आणि पोरांच्या औषधाची आठवण २०२४ ला.

तालुक्याच्या एका दवाखान्यात मी खिडकीवर उभा होतो. पुढची बाई पंचवीस-तीस किलोमीटरवरून आलेली. खिडकीतून आवाज आला, 'स्टॉक नाही, पुढच्या महिन्यात पाहा.' ती म्हणाली, 'मागच्या महिन्यात बी असंच म्हटलं होतं ना भाऊ.' आतून काही नाही. मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, 'काहून येऊन राह्यलो आपण इथं?' एसटीत सिकलसेलवाल्याला सवलत आहे, ते खरं. बुडालेला रोज एसटी भरून देत नाही. महात्मा फुल्यांच्या नावानं आरोग्य योजना आहे, ती भरती झाल्यावरची. रोजची गोळी नीट मिळाली असती तर भरती व्हायची वेळ कमी आली असती, हा हिशेब फुल्यांना कळला असता. संजय गांधी निराधार योजनेत सिकलसेलग्रस्ताचं नाव आहे, पण घरचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला पाहिजे. दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत! एवढ्या पैशात जगून दाखवणारा तहसीलदार मला भेटायचाय.

अपंगांच्या २०१६ च्या कायद्याचंही बघून घ्या. २१ प्रकारच्या अपंगत्वांत सिकलसेलचं नाव आलं, आपल्याकडं पेढे वाटले. त्यामागं नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्यांची वर्षानुवर्षांची धडपड होती. २०१८ ला त्यांना पद्मश्री दिली. पण कायद्याचं ३४ वं कलम उघडा. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण ज्यांना आहे त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. सिकलसेल नाही, थॅलेसेमिया नाही, हिमोफिलिया नाही. कॉलेजात प्रवेशाला अपंग, नोकरीला धडधाकट! खुबा कुजलेला पोरगा शिकून बाहेर पडला की सरकार म्हणतं, आता तू बरा आहेस.

आणि वरच्या मजल्यावर काय चाललंय? जनुकं कापून शिवायची कात्री आली. मिसिसिपीतल्या व्हिक्टोरिया ग्रे या काळ्या बाईला २०१९ साली ती पहिल्यांदा दिली, तिच्या कळा थांबल्या. मनापासून आनंद आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं औषध मंजूर केलं, किंमत २२ लाख डॉलर. कंपनीनं आकडा छापताना आफ्रिका आणि यवतमाळ डोळ्यापुढं ठेवलं नव्हतं, एवढं नक्की. आपल्या सीएसआयआरच्या दिल्लीच्या संस्थेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये देशी उपचार जाहीर केला, नाव दिलं 'बिरसा १०१'. शास्त्रज्ञांची मेहनत खरी आहे, तिला नावं ठेवत नाही. पण बिरसा मुंडा १९०० साली रांचीच्या तुरुंगात मेला तो जंगल-जमिनीसाठी. त्याचं नाव कात्रीला देताना त्याच्या माणसांना आज कॅप्सूल मिळते का, एवढं तरी बघायचं. नाव घेण्यात हे लोक पटाईत. योजनेला फुले, औषधाला बिरसा, आणि खिडकीवर 'स्टॉक नाही.'

आता आपल्यात लावालावी करायचा डाव. बजेटात 'आदिवासी भाग' म्हटलं, म्हणून मोहीम आदिवासी म्हणून रंगवली जाते. आपली काही पोरं कुरकुरतात, 'त्यांना मिळतं, आम्हाला नाही.' अरे, त्यांना काय मिळालं? कोलाम पोडावर शिबिर झालं, कार्ड मिळालं, गाडी परत गेली. तुम्हाला कार्डही नाही, त्यांना फक्त कार्ड. यावर भांडायचं? हा आजार आदिवासींचा म्हणून फाइलीवर लिहिला की नागपूरच्या बौद्ध वस्त्या बाहेर, धारावी-चेंबूर बाहेर, पिंपरी-चिंचवडच्या खोल्यांत सहा-सहा जण राहणारी यवतमाळ-चंद्रपूरची पोरं बाहेर. रक्त जिल्ह्याची हद्द बघून वाकडं होत नाही. गोंड, कोलाम, परधान, बौद्ध, ज्याच्या अंगात कळ उठते तो आपला.

शहरातल्या वाचकांनो, हे तुमचंच आहे म्हणून लिहितोय. रात्री दोनला मित्राच्या पाठीत, छातीत, मांडीत कळ उठली, तुम्ही त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर बघतो : जखम नाही, ताप नाही, पोरगा ओरडतोय, जोराचं इंजेक्शन मागतोय. तो समजतो नशेडी आहे. बसवून ठेवतो. अशा वेळी तुम्ही सांगायचं, सिकलसेल आहे, सलाइन लावा, प्राणवायू बघा, दुखणं थांबवा, छातीचा फोटो काढा. सिकलसेलवाल्याच्या छातीतली कळ म्हणजे जीवाचा धोका. दबून बोलू नका. धोरणाप्रमाणं सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीत रक्त फुकट आहे. बदली रक्तदाता आणा, मग पिशवी देतो, म्हणाले तर ऐकून घेऊ नका.

आणि १४ एप्रिलला डीजे लावणाऱ्या मंडळांना एक सांगायचंय. डीजेचं एका रात्रीचं भाडं किती ते तुम्हाला माहीत आहे. तेवढ्यात वस्तीतल्या किती पोरांची तपासणी होते, ते जवळच्या लॅबला विचारा. पण झटपट विरघळणीच्या तपासणीवर थांबू नका. तिच्यात वाहक आणि रुग्ण वेगळे कळत नाहीत. पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्याशिवाय कुणाच्या हातात कागद देऊ नका. कागद ज्याचा त्याच्या हातात द्या, भिंतीवर यादी लावू नका, मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका. आणि ज्याचा निघाला त्याला दुसऱ्या दिवशी गोळीच्या खिडकीपर्यंत सोबत न्या. नेणार नसाल तर तपासू नका.

यवतमाळात आपण आत्ता एवढंच धरून बसायचं : सोळाही तालुक्यांच्या सरकारी दवाखान्यात हायड्रॉक्सीयुरिया बारा महिने, पोरांच्या मापात. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची टाचेच्या थेंबाची तपासणी आणि लगेच पेनिसिलिन. वारेच्या तपासणीचा आणि तिच्या प्रवासाचा खर्च सरकारचा. ३४ व्या कलमात रक्ताचे आजार. या महिन्यात ज्या तालुक्यात तुमचं गाव आहे तिथं जा, औषधाच्या खिडकीवर उभे राहा, गोळी मागा. नाही म्हणाले तर वैद्यकीय अधीक्षकाकडं माहिती अधिकाराचा अर्ज टाका : गेल्या बारा महिन्यांत किती गोळ्या आल्या, किती तारखेला संपल्या, किती रुग्णांची नोंद आहे. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. उत्तर आलं की त्याची झेरॉक्स आमच्याकडं पाठवा, तालुक्याच्या नावासह छापू.